आवडीच्या सुईदोऱ्यापासून शिवणाच्या व्यवसायापर्यंत: बेळगाव भागातील भगिनींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहापुरातील माझ्या शिवणाच्या खोलीत ब्लाउज टाकायला येणाऱ्या दहा जणींपैकी दोघी-तिघी तरी माप देऊन झाल्यावर थोड्या रेंगाळतात आणि मग हळूच विचारतात, "अक्का, मलाही लहानपणापासून याची आवड आहे, मला जमेल का हो?" एका वाक्यात या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही आणि समोर कापलेले कापड पडलेले असताना तासभर बोलताही येत नाही. म्हणून नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची माझ्या अनुभवातली उत्तरे येथे लिहून ठेवली आहेत.

तुम्ही स्वतः या व्यवसायात कशा आलात?

माझे आजोळ खानापूर तालुक्यातले. पावसाळ्यात तिकडे दिवसचे दिवस घराबाहेर पडता येत नसे. त्या दिवसांत आजी जुनी लुगडी पसरून गोधडी घालायला बसे आणि मला एका कोपऱ्यात धावदोरा घालायला देई. टाका लांब पडला की काही न बोलता उसवून पुन्हा सुई हातात देई. पुढे शाळेत शिवणाच्या तासाला साखळी टाका, काश्मिरी टाका, काजाचा टाका असे सगळे आले आणि घरातल्या उश्यांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, भाचरांची झबली माझ्या भरतकामाने भरून गेली. मात्र यातून पैसे मिळवता येतात, हा विचार ना माझ्या मनात आला ना घरच्यांच्या. मी वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि एका खासगी पेढीत हिशेब लिहू लागले. ते काम वीस वर्षांहून अधिक काळ केले.

वयाच्या 43व्या वर्षी पेढीतली माणसे कमी झाली आणि त्यात माझीही जागा गेली. हातात थोडी रक्कम होती, घरात सासूबाईंचे पायाचे मशीन होते आणि दुसरी नोकरी शोधण्याची उमेद नव्हती. गल्लीतल्या एका वयस्क मास्तरांनी सहा महिने मला आपल्या दुकानात बसू दिले. त्यांतल्या पहिल्या महिन्यात त्यांनी मला नवे काही शिवायला दिलेच नाही. ग्राहकांनी आल्टरला आणलेले ब्लाउज उसवायचे आणि आतून ते कसे जोडलेले आहेत हे बघायचे, एवढेच काम होते. आज मागे वळून पाहताना वाटते की तो महिना वाया गेला असे मानून मी निघून गेले असते, तर पुढचे काहीच घडले नसते.

आवड असलेल्या व्यक्तीला व्यवसाय सोपा जातो का?

हात लवकर बसतो, हे खरे. सुई कशी धरावी, दोरा किती घ्यावा, कापडाचा उभा-आडवा धागा कसा ओळखावा हे वेगळे शिकवावे लागत नाही. परंतु आवडीचे काम आणि ग्राहकाचे काम यांत जो फरक आहे तो मला फार उशिरा कळला, आणि माझ्या मते या पानावरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

आपण घरी बसून जे मनापासून करतो ते बहुधा भरतकाम असते आणि ग्राहक ज्यासाठी प्रथम पैसे मोजतो ते अंगावर नीट बसणारे शिवण असते. गळ्यावरचा मोर कितीही सुबक असला तरी मुंढा (काखेभोवतीचा बाहीचा जोड) काचत असेल तर ती बाई पुन्हा तुमच्याकडे येणार नाही. मुंढा चोख असेल, तर साध्या ब्लाउजसाठीसुद्धा ती जावेला आणि नणंदेला घेऊन येईल. म्हणून पहिली दोन वर्षे मापाला, कटिंगला आणि आतल्या सफाईला द्यावीत. भरतकामाची हौस तोवर थोडी बाजूला राहिली तरी चालते, ती कुठे जात नाही.

दुसरा फरक वेळेचा आहे. आवडीने बसलेल्या बाईला चार तास गेलेले कळत नाहीत. व्यवसायाला बसलेल्या बाईने ते चार तास वहीत लिहिले पाहिजेत. इतकी वर्षे हिशेब लिहिल्याचा मला उपयोग झाला असेल तर तो येथेच झाला.

प्रशिक्षण कोठे आणि किती दिवसांचे घ्यावे?

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये शिवणाचा आणि भरतकामाचा असे एकेका वर्षाचे दोन वेगळे अभ्यासक्रम असतात आणि दोन्हींना आठवी उत्तीर्ण असणे पुरते. ज्यांना वर्ष देता येत नाही त्यांच्यासाठी बँकांच्या साहाय्याने चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. तेथे साधारण महिनाभराचे शिवणाचे वर्ग विनामूल्य होतात आणि राहण्या-जेवणाचीही सोय असते. खासगी वर्ग तर बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर असे सर्वत्र आहेत. वर्ग निवडताना शिक्षिकेचे प्रमाणपत्र पाहण्यापेक्षा तिने शिवलेला ब्लाउज उलटा करून आतली बाजू पाहावी.

तरीही कोणताही वर्ग संपल्यावर निदान तीन महिने एखाद्या चालत्या दुकानात काम करावे, असा माझा आग्रह आहे. वर्गात कागदावर 36 छातीचे कटिंग शिकवतात, चौथा भाग 9 आणि त्यात शिलाईची माया (शिवणीसाठी सोडायचे जादा कापड) धरून कापा, एवढे सांगतात. दुकानात मात्र एक खांदा उतरलेली, बाळंतपणानंतर माप बदललेली किंवा सैल ब्लाउजच आवडणारी अशी खरी माणसे येतात. कागदावरच्या आकड्यात तेव्हा कोठे आणि किती फरक करायचा, हे हाताने अनुभवल्याशिवाय समजत नाही.

मशीन कोणते घ्यावे?

घरात चालू स्थितीतले पायाचे मशीन असेल तर आरंभ त्यावरच करावा. त्याला मोटार बसवता येते आणि पावसाळ्यात वीज गेली की पट्टा चढवून पुन्हा पायाने चालवता येते. खानापूर, जांबोटीकडच्या भगिनींना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. काम वाढल्यावर एकसुई औद्योगिक मशीनचा विचार करावा. ते मिनिटाला 4,000 ते 5,000 टाके घालू शकते आणि नवशिकीचा हात त्या वेगाला भितो. मुख्य मशीनच्या पाठोपाठ इंटरलॉक आणि पिको-फॉल यांची सोय केली तर रोजची किरकोळ कमाई सुरू होते, जिच्यावर खोलीचे भाडे निघते. सुईकडे मात्र बहुतेक जणी दुर्लक्ष करतात. पातळ कापडाला 11 नंबर, नेहमीच्या सुतीला 14, जाड कापडाला 16 किंवा 18 हे पाळले आणि बोथट झालेली सुई वेळेवर बदलली, तर टाका सुटण्याच्या निम्म्या तक्रारी मिटतात.

वर्षभर काम मिळते का?

काम मिळते, पण एकसारखे मिळत नाही. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि ती थेट जूनपर्यंत चालते. या काळात अस्तराचे ब्लाउज आणि आरीवर्क (आकड्याच्या सुईने केलेले भरतकाम) यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. कर्नाटकातल्या शाळा मेच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी उघडतात, तर चंदगड-गडहिंग्लजकडच्या महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यावर. त्यामुळे सीमेवरच्या शिंप्याला गणवेशाची गर्दी दोन हप्त्यांत मिळते, हा आपल्या भागाचा एक फायदाच म्हणावा लागेल. आषाढात हात थोडे मोकळे होतात, तेव्हा मशीनची दुरुस्ती आणि स्वतःचे भरतकाम उरकून घ्यावे, कारण गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुन्हा मान वर करता येत नाही.

याखेरीज बेळगावची म्हणून काही खास कामे आहेत. वैशाखात होणाऱ्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीसाठी मावळ्यांचे अंगरखे, लहान मुलींच्या शिवलेल्या नऊवारी, ढोलपथकांचे पोशाख ही कामे ठोक मिळतात आणि एकाच मापाच्या गटात कापता येतात. तसेच आसपासच्या खेड्यांत काही वर्षांच्या अंतराने महालक्ष्मीची यात्रा भरते, तेव्हा त्या गावात घरटी पै-पाहुणे येतात आणि साऱ्या घराला नवे कपडे लागतात. कोणत्या गावाची यात्रा कोणत्या वर्षी आहे याची नोंद मी भिंतीवरच्या कालनिर्णयात करून ठेवते. त्या गावातल्या एका घराचे काम वेळेवर दिले तर पूर्ण गल्ली आपली होते, आणि उशीर झाला तर तीही बातमी तितक्याच वेगाने पसरते.

दर कसा ठरवावा?

शेजारची किती घेते हे पाहून दर ठरवण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि तीच बहुतेक जणींना बुडवते. आधी आपल्या एका तासाची किंमत काढावी. समजा, महिन्याला 15,000 रुपये हाती राहावेत अशी अपेक्षा आहे आणि भाडे, वीज, दोरा, मशीनची देखभाल मिळून 3,000 रुपये खर्च होतो. महिन्याचे 25 दिवस आणि दिवसाचे सहा तास प्रत्यक्ष काम धरले तर 150 तास होतात. 18,000 भागिले 150 म्हणजे तासाला 120 रुपये. आता अस्तराच्या एका ब्लाउजला खरा वेळ किती लागतो तो घड्याळ लावून पाहावा. माप घेणे, गळ्याच्या चित्रांवर होणारी चर्चा, कटिंग, शिवण, हूक-लूप, हेमिंग, इस्त्री आणि "काखेत थोडे सैल करून द्या" म्हणून होणारी दुसरी फेरी हे सगळे धरले तर तीन तासांच्या आत तो कोणाचाच होत नाही. म्हणजे अस्तराचे पैसे वेगळे धरून 360 रुपये शिलाई झाली. हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत, प्रत्येकीने आपले आकडे घालावेत.

हाच हिशेब भरतकामाला लावला की डोळे उघडतात. गळ्याभोवतीच्या ज्या वेलीला दहा तास लागतात तिचे 1,200 रुपये झाले पाहिजेत, आणि ग्राहक मात्र 400 रुपये द्यायला तयार असते, कारण तशीच दिसणारी मशीनची वेल बाजारात मिळते. अशा वेळी दर पाडून दहा तासांचे काम करण्यापेक्षा तीन तासांत होईल असे छोटे बुट्टे सुचवावेत. माझ्या पहिल्या वर्षीच्या वहीत एका पैठणी ब्लाउजच्या आरीवर्कची नोंद आहे, ज्यात मला तासाला अकरा रुपये पडले होते. ते पान मी मुद्दाम फाडलेले नाही.

नातेवाइकांकडून पैसे कसे मागावेत?

बिल लिहून द्यावे आणि त्याखाली सूट लिहावी. फुकट शिवलेल्या कपड्याला माप चुकल्याचा दोष अधिक लागतो, असा माझा अनुभव आहे.

कसूतीला खरोखर मागणी आहे का?

मागणी आहे, पण ती जाणकारांची आहे. धारवाड-हुबळीच्या बाजूला जोपासली गेलेली ही भरतकामाची कला इरकली साडीवर आणि विशेषतः काळ्या चंद्रकळेवर पूर्वापार भरली जाते. रथ, गोपूर, तुळशीवृंदावन, पालखी, हत्ती, मोर, शंख हे तिचे नेहमीचे आकार. कापडावर छाप न घेता, गाठ न मारता, उभे-आडवे धागे मोजत टाका घालायचा असतो. गावंती आणि मुरगी हे दोन टाके उलट-सुलट सारखेच दिसतात, गावंती सरळ रेषेत दुहेरी धावदोऱ्याने जाते तर मुरगी पायऱ्या-पायऱ्यांनी. नेयगीत विणल्यासारखा भास होतो आणि मेंथी म्हणजे मेथीच्या दाण्यांसारखी फुलीफुलीची भरण. आपल्याकडच्या भरतकामात हात बसलेल्या बाईलाही सुरुवातीला हे जड जाते, कारण तेथे रेषेवरून जाण्याची सवय असते आणि येथे एक धागा चुकला की पाच इंच पुढे गेल्यावर रथाची चाके जुळत नाहीत. मग उसवण्याशिवाय इलाज नसतो.

शिकताना आधी जाड विणीच्या मॅटी कापडावर सराव करावा. इरकलीच्या बारीक विणीवर काम करताना पुष्कळ जणी वर जाळीचे कापड टाचून घेतात आणि भरून झाल्यावर त्याचे धागे ओढून काढतात. त्यात काही कमीपणा नाही. संपूर्ण साडी भरण्याची ऑर्डर पहिल्या वर्षी घेऊ नये. खणाच्या ब्लाउजच्या बाहीवर एकेक गोपूर, कुर्त्याच्या योकवर तुळशीवृंदावन, पर्सवर हत्ती अशी छोटी कामे हिशेबातही बसतात आणि लोकांच्या नजरेतही भरतात. कसूतीला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे त्या भागाची खास वस्तू अशी कायदेशीर ओळख) मिळालेले आहे, तेव्हा संगणकावरच्या मशीनने केलेले काम हातची कसूती म्हणून विकणे ही सरळ फसवणूक आहे. मशीनचे असेल तर मशीनचे म्हणावे, घेणारे तेही घेतात.

गोधडी विकून उत्पन्न होते का?

शहरांत हातच्या गोधडीला आता चांगले गिऱ्हाईक आहे. लहान बाळाची दुपटी आणि छोट्या गोधड्या सर्वांत लवकर जातात, मोठ्या गोधडीला लागणारे दिवस मोजले तर तिची किंमत ऐकून निम्मी गिऱ्हाइके परततात. खानापूर, हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया जी कवंदी (तुकडे जोडलेली गोधडी) शिवतात ती जरूर पाहावी. कडेकडेने सुरुवात करून तुकडे लावत-लावत त्या मध्याकडे येतात आणि चारी कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी फुले लावल्याखेरीज कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. पाहून शिकावे, पण तिची नक्कल करून तिच्याच नावाने विकू नये. त्या बायकांकडून विकत घेऊन आपल्या दुकानात ठेवणे अधिक योग्य आहे आणि मी तसेच करते.

कापड आणि सामान कोठून आणावे?

दोरे, हूक, अस्तर, लेस, मणी यांसाठी बेळगावचा खडेबाजार, गणपत गल्ली आणि पांगुळ गल्ली पुरेशी आहे. खण मात्र जमल्यास बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्ड येथून आणि इरकल साडी इळकल येथून आणावी. विणकराशी प्रत्यक्ष ओळख झाली की रंगांची निवड आपल्या हाती येते. जून 2023 पासून शक्ती योजनेखाली कर्नाटकातील स्त्रियांना राज्य परिवहनाच्या साध्या बसमधून प्रवास विनामूल्य आहे, त्यामुळे अशा खेपा परवडू लागल्या आहेत. खणाचा पन्हा (रुंदी) लहान असतो आणि एक खण म्हणजे मूळचे एका चोळीचे कापड. कोपरापर्यंतची बाही हवी असेल तर तो पुरत नाही, हे ग्राहकाला कापड घेण्यापूर्वीच सांगावे.

कोणत्या सरकारी योजना उपयोगी पडतात?

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. नोंदणी सामान्य सेवा केंद्रात बोटांचे ठसे देऊन होते आणि तिची पहिली पडताळणी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका करते. पाच ते सात दिवसांच्या मूलभूत प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य आणि तारण न ठेवता 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख व त्याची फेड सुरळीत झाल्यावर पुढे 2 लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो आणि सरकारी नोकरी असलेल्या कुटुंबाला मिळत नाही. मुद्रा योजनेच्या शिशू गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळते. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) पूर्णपणे विनामूल्य आहे, त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

माझे मत विचाराल तर, पहिले वर्ष कर्जाशिवाय काढावे. कोणते मशीन खरोखर लागते हे वर्षभरात कळते.

ग्राहक महाराष्ट्रातला असेल तर कराचे काय?

हा प्रश्न आपल्याच भागात पडतो. कापड ग्राहकाचे आणि आपण फक्त शिलाई घेत असू तर ती सेवा होते, आणि वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची आवश्यकता नसते. आपण स्वतः कापड घेऊन वस्तू बनवली आणि ती कोल्हापूर-पुण्याला पाठवली, तर ती आंतरराज्य विक्री ठरते. अशा विक्रीला एरवी उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते, मात्र ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना 20 लाखांपर्यंत सवलत आहे. आपली वस्तू त्या यादीत बसते का, हे कर सल्लागाराकडून एकदा तपासून घ्यावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी की स्वतः किंवा पती जीएसटी विवरण भरत असल्यास कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा 2,000 रुपये मिळत नाहीत. त्यामुळे कोणाच्या तरी सांगण्यावरून अकारण नोंदणी करू नये.

कन्नड येत नसेल तर अडचण होते का?

अर्ज आणि कार्यालयीन कागद बहुतांशी कन्नडमध्ये असतात, तेव्हा वाचून दाखवणारे कोणी सोबत असावे. दुकानात मात्र आकडे, रंग आणि "सैल", "घट्ट" एवढे शब्द आले तरी काम चालते. माझ्या निम्म्या ग्राहक कन्नड बोलतात, मी मराठी-कन्नड मिसळून बोलते आणि मापाची टेप मध्ये असली की गैरसमज फारसा होत नाही.

डोळे आणि पाठ यांची काळजी कशी घ्यावी?

चाळिशीचा चष्मा वेळेवर करून घ्यावा, काळ्या कापडावरचे काम दिवसाउजेडीच करावे आणि खुर्चीची उंची मशीनला जुळवून घ्यावी. तासाला एकदा उठावे.

ग्राहकाचे कापड बिघडले तर काय करावे?

चूक लपवू नये आणि भरपाई आपण द्यावी. माझ्या दुसऱ्या वर्षी एका नवरीच्या ब्लाउजला मी अस्तर पाण्यात न भिजवता लावले. पहिल्याच धुण्यात ते आटले आणि वरचे रेशीम सुरकुतले. कापड तिच्या आईने जपून ठेवलेले होते, तसे दुसरे मिळणे शक्यच नव्हते. मी सगळे उसवले, अस्तर बदलले, पाठीवर जिथे टिपेच्या खुणा राहिल्या तिथे त्या झाकतील असे बुट्टे भरले आणि शिलाई घेतली नाही. त्या ताई आजही येतात, पण अस्तर भिजवले का हे विचारल्याशिवाय पिशवी खाली ठेवत नाहीत.

तेव्हापासून प्रत्येक ऑर्डरच्या पानावर मी चार गोष्टी लिहिते: कापडाचा छोटा तुकडा टाचणीने लावते, माप आणि ते घेतल्याची तारीख, कापडावर आधीच असलेला डाग किंवा विरलेला भाग ग्राहकाला दाखवून केलेली नोंद, आणि अस्तर कोणत्या दिवशी भिजवले ते. त्याखाली ग्राहकाची सही घेते.